यूएसबी साउंड अडॅप्टर घ्यावा का? कॉम्प्युटरच्या जॅकमध्ये नेमकं काय कमी पडतं

ऑनलाइन दुकानात ‘यूएसबी साउंड कार्ड’ शोधलं की दीडशे रुपयांपासून पंधरा हजारांपर्यंतच्या वस्तू एकाच पानावर येतात. दिसायला बऱ्याचशा सारख्या: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोन लावायचं भोक. खोक्यावर ‘हाय-रेझ’, ‘३२ बिट’, ‘३८४ किलोहर्ट्झ’ असं काहीबाही छापलेलं. इकडे कॉम्प्युटरला हेडफोनचा जॅक आधीपासून असतोच, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यामुळे हा अडॅप्टर घेऊन नक्की काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे.

थोडक्यात उत्तर असं: बाहेरचा अडॅप्टर तीन ठरावीक अडचणी सोडवतो. जॅकमधून येणारी खरखर, हेडफोनशी न जुळणारा जॅक, आणि बिघडलेला किंवा मुळात नसलेला जॅक. यांपैकी एकही अडचण तुम्हाला नसेल, तर अडॅप्टरचे पैसे चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर घालावेत, कारण आवाजातला मोठा फरक तिथेच पडतो. अडचण असेल, तर हजार रुपयांच्या आसपासचा साधा अडॅप्टरसुद्धा ती बहुतेक वेळा पूर्ण मिटवतो. मात्र आपली अडचण कोणती, हे विकत घेण्याआधी ओळखायला हवं.

आवाज तयार कुठे होतो

कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे. प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हे आकडे वाचून त्यांचा कमीजास्त होणारा विजेचा दाब करणाऱ्या चिपला ‘डॅक’ म्हणतात. तो दाब हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोरकस करायला पुढे एक छोटा अँप्लिफायर लागतो. हेडफोनच्या जॅकच्या मागे या दोनच गोष्टी असतात.

१९९० च्या दशकात कॉम्प्युटरमधून नीट आवाज हवा असेल तर वेगळं साउंड कार्ड घ्यावं लागायचं. पुढे मदरबोर्डवरच ही चिप बसवायची पद्धत रुळली. इंटेलने २००४ मध्ये आणलेला ‘एचडी ऑडिओ’ हा ठराव (म्हणजे वस्तूंनी एकमेकींशी कसं जुळायचं याचे ठरलेले नियम) आजही असंख्य मशीनमध्ये चालतो, आणि त्याला जोडलेली चिप बहुतेक वेळा रिअलटेक कंपनीची असते. यूएसबी अडॅप्टरमध्येही डॅक आणि अँप्लिफायर असतातच, फक्त ते कॉम्प्युटरच्या पेटीबाहेर, वायरीच्या टोकाशी असतात. आकडे यूएसबीतून बाहेर जातात आणि आवाज बाहेर तयार होतो.

यातून एक गोष्ट उघड होते. ब्लूटूथ हेडफोन, यूएसबीची पिन असलेला हेडसेट किंवा एचडीएमआयने जोडलेला टीव्ही वापरत असाल, तर आकड्यांचा आवाज त्या वस्तूच्या आतच होतो. कॉम्प्युटरचा डॅक त्यात वापरलाच जात नाही. अशांना अडॅप्टरचा काडीचा उपयोग नाही.

पेटीच्या आत बिघडतं काय

मदरबोर्डवरच्या चिपा वाईट असतात, हा समज जुना झाला. साध्या बोर्डवरच्या रिअलटेक चिपचा आवाज आणि तिची स्वतःची कुजबुज यांत कागदोपत्री साधारण ९५ ते १०० डेसिबलचं अंतर असतं. महागड्या बोर्डवरच्या एएलसी १२२० या चिपसाठी तर कंपनी १२० डेसिबल सांगते. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो आणि पंखा लावला की त्याहून बराच जास्त. म्हणजे चिपची कुजबुज एरवी ऐकूच येऊ नये.

तरीही येते, कारण चिपच्या शेजारपाजाऱ्यांचा उपद्रव होतो. त्याच बोर्डवर प्रोसेसरला वीज देणारी सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात आणि ग्राफिक्स कार्ड क्षणात प्रचंड करंट ओढतं. त्यातला थोडा अंश आवाजाच्या नाजूक रेषेत शिरतो. म्हणून माउस हलवला की कानात चिरचिर होते, पान वर-खाली केलं की बारीक शिट्टी वाजते, गेम सुरू केला की ती चढते. कामाप्रमाणे बदलणारी खरखर म्हणजे आतल्या विजेची गळती, हे ओळखून ठेवावं.

डेस्कटॉपमध्ये याचं सगळ्यात मोठं कारण कॅबिनेटच्या पुढचा जॅक असतो. बोर्डच्या कोपऱ्यातून निघालेली साधी, आवरण नसलेली वायर कधी ग्राफिक्स कार्डाखालून, कधी पॉवर सप्लायच्या वायरींना चिकटून पुढपर्यंत येते आणि वाटेत सगळं गोळा करते. म्हणून खरखर असेल तर पहिला उपाय फुकटातला: हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. खरखर गेली तर प्रश्न वायरीचा होता. जमल्यास कॅबिनेट उघडून ती वायर ग्राफिक्स कार्डापासून लांब, कडेकडेने फिरवावी.

लॅपटॉपमध्ये मागचा जॅक नसतो आणि सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं. तिथे खरखर असली तर अडॅप्टर हाच व्यवहार्य उपाय आहे. आवाज तयार करणारा भाग पेटीबाहेर निघाला की आतल्या सर्किटांचा त्याला थेट त्रास होत नाही. यूएसबीच्या पाच व्होल्टमधूनही थोडी घाण येते, पण बऱ्या अडॅप्टरमध्ये ती गाळायची सोय असते. अगदी स्वस्तातल्यात ती धड नसते. मग खरखरीऐवजी एकसुरी बारीक शिट्टी ऐकू येते, बहुधा १ किंवा ८ किलोहर्ट्झची, कारण यूएसबीवर माहितीचे गठ्ठे सेकंदाला १,००० किंवा ८,००० वेळा जातात. अशी शिट्टी असलेला अडॅप्टर परत करावा, सेटिंग बदलून ती जात नाही.

जॅकचं आणि हेडफोनचं का जुळत नाही

दुसरी अडचण कमी माहितीची आहे, पण कानाला तीच जास्त जाणवते. गच्चीवरची टाकी तुडुंब भरलेली आहे, पण खाली येणारा पाइप आतून गंजून अरुंद झालाय, असं समजा. नळ जरासा सोडला तर दाब ठीक वाटतो. पूर्ण उघडला की धार मरते, कारण दाब पाइपातच खर्च होतो. जॅकच्या आतल्या अशा अडथळ्याला ‘आउटपुट इम्पीडन्स’ म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. हेडफोनचेही स्वतःचे ओहम असतात. जितके ओहम कमी, तितका नळ जास्त उघडा.

डेस्कटॉपच्या मागचा जॅक मुळात स्पीकर किंवा अँप्लिफायर जोडण्यासाठी केलेला असतो. पिन घालताना-काढताना शॉर्ट झालं तरी चिप जळू नये आणि लांब वायर लावली तरी बिघडू नये, म्हणून अनेक बोर्डांवर त्या वाटेत मुद्दाम ७५ ओहमच्या आसपासचा अडथळा बसवतात. स्पीकरच्या अँप्लिफायरला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण तो हजारो ओहमचा असतो.

आता तिथे २५ ओहमचे इयरफोन लावा. एकूण १०० ओहम झाले, त्यातले फक्त २५ तुमच्या कानाशी. म्हणजे चौथाई दाबच पोचला, तब्बल १२ डेसिबल कमी. ३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन लावला तर याच जॅकवर ८० टक्के दाब पोचतो, दोनच डेसिबलचा तोटा.

आवाज नुसता कमी झाला असता तर बटण वाढवून भागलं असतं. खरा घोटाळा पुढे आहे. इयरफोनचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. एका कानाच्या बोंडात तीन-चार छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असलेले इयरफोन हल्ली खूप खपतात. त्यांत एखाद्याचे ओहम कुठल्या सुराला १०, तर कुठल्या सुराला ४० असू शकतात. ७५ ओहमच्या जॅकवर या दोन सुरांच्या पातळीत नऊ डेसिबलहून जास्त तफावत पडते. १ ओहमच्या अडॅप्टरवर तीच तफावत ०.६ डेसिबल. म्हणजे इयरफोन बनवणाऱ्याने केलेला तोल पहिल्या जॅकवर पार मोडतो. सतार बोथट वाटेल किंवा गायिकेचा ‘स’ कानाला टोचेल, आणि दोष बिचाऱ्या इयरफोनला दिला जाईल.

जाणकारांत चालणारा हिशेब असा: जॅकचे ओहम हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी असावेत. १६ ओहमच्या इयरफोनला २ ओहम किंवा कमी, ३२ ला ४. बरे यूएसबी अडॅप्टर १ ओहमच्या आसपास किंवा त्याखाली असतात. अडॅप्टरची माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचित असतो.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला अनेक बोर्डांवर हेडफोनसाठीचा अँप्लिफायर दिलेला असतो, मागच्याला नसतो. म्हणजे मागचा जॅक शांत पण इयरफोनला न जुळणारा, पुढचा जुळणारा पण खरखर गोळा करणारा. डेस्कटॉपवाल्यांना अडॅप्टरचा उपयोग लॅपटॉपवाल्यांहून जास्त वाटतो तो यामुळे. लॅपटॉपचा जॅक हेडफोनसाठीच केलेला असल्याने तिथे ओहमचा प्रश्न सहसा सौम्य असतो. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये तर हेडफोनचे ओहम ओळखून दाब बदलणारा जॅक आहे: १५० ओहमखाली सव्वा व्होल्टपर्यंत, त्यावर ३ व्होल्टपर्यंत. अशा मशीनला हजार-दोन हजारांचा अडॅप्टर लावणं म्हणजे असलेली चांगली सोय सोडून देणं.

‘पण अडॅप्टर लावल्यावर आवाज सुधारला, हे मी स्वतः ऐकलं’

ऐकलं असेलच. ओहम जुळले किंवा खरखर गेली तर सुधारणा खरी असते. मात्र तुलना करताना एक फसगत हमखास होते. दोन सारख्या आवाजांतला एक किंचित मोठा असला, तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो: जास्त भरीव, जास्त स्पष्ट. १ व्होल्टच्या जॅकऐवजी २ व्होल्टचा अडॅप्टर लावला की आवाज आपोआप ६ डेसिबलने चढतो, आणि अडॅप्टर श्रेष्ठ ठरतो.

प्रामाणिक तुलना करायची तर पातळी जुळवावी लागते, आणि त्याला घरातला मल्टीमीटर पुरतो. २०० हर्ट्झचा एकसारखा सूर वाजवा. साधे मीटर ५० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानच भरवशाचे असतात, म्हणून १,००० हर्ट्झचा सूर घेऊ नये. दोन भोकांचा स्प्लिटर लावून एकात हेडफोन ठेवा, दुसऱ्यात सुटी पिन लावून तिच्या टोकावर आणि मुळाशी एसी व्होल्ट मोजा. मोजताना हेडफोन जोडलेलाच हवा, नाहीतर वर सांगितलेला ओहमचा परिणाम मीटरला दिसत नाही. दोन्हीकडचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या खाली राहतो. मग कोणता जॅक चालू आहे हे न बघता दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. खरखर नसलेला, ओहम जुळलेला लॅपटॉपचा जॅक आणि अडॅप्टर यांत मग कित्येकांना काहीच सांगता येत नाही. यात कानाचा कमीपणा नाही. दोन्ही सर्किट आपल्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे चांगली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झचं काय?

ऐकण्यासाठी यांचा उपयोग नाही. माणसाचा कान लहानपणी जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयाबरोबर आणखी कमी. ४४.१ किलोहर्ट्झच्या नोंदीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मिळतं, तेवढं घरच्या खोलीत कधी वापरलंच जात नाही. २४ बिटचे १ कोटी ६७ लाखांहून जास्त टप्पे रेकॉर्डिंगच्या वेळी खरंच कामाचे असतात, कारण पातळी कमी ठेवली तरी नोंद बिघडत नाही. ३२ बिटला पोचेल इतकी शांत इलेक्ट्रॉनिक्स मात्र अस्तित्वात नाही. त्या आकड्यांपायी जास्त पैसे मोजू नयेत.

या आकड्यांत एक व्यावहारिक बाब दडलेली आहे. यूएसबी आवाजाचा पहिला ठराव १९९८ चा. तो २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि कुठल्याही मशीनवर ड्रायव्हर (वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) न टाकता चालतो. त्यापुढच्या आकड्यांना दुसरा ठराव लागतो. मॅक आणि लिनक्सवर तो सरळ चालतो. विंडोजमध्ये मात्र तो २०१७ च्या विंडोज १० मधल्या सुधारणेनंतर आला. घरी अजून विंडोज ७ किंवा ८ असेल, तर ‘३८४ किलोहर्ट्झ’वाला अडॅप्टर लावल्यावर काहीच होणार नाही, किंवा कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसावं लागेल. तिथे साधा, जुन्या ठरावाचा अडॅप्टर बरा.

स्पीकरची घूं अडॅप्टरने का जात नाही

कॉम्प्युटरमधून मोठ्या स्पीकरला किंवा होम थिएटरला आवाज दिला की मागे सतत ‘घूं’ वाजते, आणि ती घालवायला लोक अडॅप्टर विकत घेतात. बहुतेक वेळा ती जात नाही. पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच, म्हणून कारण नीट समजून घ्यावं.

तीन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉप घराच्या अर्थिंगला जोडला जातो. अँप्लिफायरही त्याच्या तीन पिनांतून अर्थिंगला जोडलेला असतो. आवाजाची वायर लावली की तिच्या बाहेरच्या जाळीतून या दोघांत तिसरा दुवा तयार होतो. आता अर्थिंगचं एक वर्तुळ पूर्ण झालं. दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी या वर्तुळातून करंट फिरतो आणि आवाजाच्या जाळीवरून जाताना आवाजात मिसळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५० आणि १०० हर्ट्झची. कॉम्प्युटरच्या आतली चिरचिरही याच वाटेने स्पीकरमध्ये पोचते. यूएसबी वायरीतही ग्राउंडची तार असते, त्यामुळे मध्ये अडॅप्टर घातला तरी वर्तुळ तसंच राहतं.

ओळखायची खूण सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घूं त्याच क्षणी थांबली, तर दोष या वर्तुळाचा.

उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. आधी लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. बऱ्याच घरांत काम इथेच भागेल. नाही भागलं, तर दोनशे ते पाचशे रुपयांत मिळणारा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ आवाजाच्या वायरीत घाला. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते आवाज पुढे देतात, पण तारेचा दुवा तोडतात. तो कॉम्प्युटर आणि अँप्लिफायरच्या मध्येच लावावा. हेडफोनच्या आधी लावला तर आवाज दबतो, आणि स्वस्तातल्या आयसोलेटरने तबल्याच्या बाँयाचा खर्ज कमी होतो. तिसरा आणि सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे प्रकाशाची वायर, ऑप्टिकल. काही यूएसबी अडॅप्टरना ऑप्टिकल आउटपुट असतं आणि बहुतेक होम थिएटर अँप्लिफायरना ऑप्टिकल इनपुट. या वायरीत धातूच नसल्याने वर्तुळ होऊच शकत नाही. घूं घालवण्यासाठी अडॅप्टर घ्यायचाच असेल तर असा घ्यावा.

यूएसबीच्या वायरीत लावायचे आयसोलेटरही मिळतात. त्यातले स्वस्त १२ मेगाबिटच्या जुन्या वेगावरच चालतात, म्हणून त्यांच्यापुढे १९९८ च्या ठरावाचेच अडॅप्टर चालतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणं किंवा तिची तार सोडवणं. घूं जाईल, पण एखाद्या दिवशी आत बिघाड झाला तर अँप्लिफायरच्या लोखंडी पेटीवर आणि तिथून हेडफोनच्या वायरीवर २३० व्होल्ट येऊ शकतात. जुन्या चाळीत किंवा वाड्यात सॉकेटला तीन भोकं असूनही मागे अर्थिंगची तार जोडलेली नसते. तिथे लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं आणि हात लावला-काढला की घूं बदलते. असं होत असेल तर आवाजाचा विचार नंतर, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

दीडशे, हजार आणि दहा हजार

दीडशे-तीनशेच्या अडॅप्टरला बहुधा दोन भोकं असतात, हिरवं हेडफोनचं आणि गुलाबी माइकचं. आत सीएम १०८ सारखी जुनी चिप असते: १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत, माइक मोनो. लॅपटॉपचा जॅक तुटलाय आणि ऑनलाइन मीटिंगपुरतं काम आहे, तर हा बेलाशक घ्यावा. लॅपटॉप उघडून जॅक बदलून घेण्याच्या मजुरीपेक्षा तो स्वस्तच पडतो. (एकाच कानात आवाज येत असेल तर आधी मशीन बंद करून जॅकमधला कापूस-धूळ हलक्या हाताने काढून बघा. पुष्कळदा दुखणं तेवढंच असतं.)

हजाराच्या आसपासचे यूएसबी-सी अडॅप्टर हा माझ्या मते बहुसंख्य लोकांसाठीचा योग्य थांबा. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला, इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या, आणि त्यामुळे कोट्यवधींच्या संख्येने छोटे, चांगले डॅक तयार होऊ लागले. ॲपलचा स्वतःचा यूएसबी-सी अडॅप्टर याचा उत्तम नमुना आहे: कॉम्प्युटरवर सुमारे १ व्होल्ट, आउटपुट १ ओहमच्या आसपास, आणि कुजबुज जवळपास नाही. १ व्होल्ट ३२ ओहमच्या इयरफोनमध्ये ३१ मिलिवॉट देतो, कानाला लागतं त्याच्या कितीतरी पट. यात एकच खोच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हा अडॅप्टर अगदी हळू वाजतो, कारण त्याच्या आतलं व्हॉल्यूम फोन पूर्ण उघडत नाही. युरोपात विकला जाणारा नमुनाही कमी, अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा आहे. तिकडून कुणाकडून मागवत असाल तर लक्षात ठेवा.

तीन हजारांपुढे तुम्ही आवाजाच्या शुद्धतेचे पैसे देत नाही, जोराचे देता. ३०० ओहमचे किंवा प्लेनार प्रकारचे, जास्त ताकद लागणारे हेडफोन तुमच्याकडे असतील तर २ ते ४ व्होल्टचा अडॅप्टर हवाच. नसतील तर तो जोर पडून राहतो, उलट संवेदनशील इयरफोनमध्ये शांततेत ‘सूं’ ऐकू येऊ लागते. जोर हाताशी असला की आवाज चढवला जातो, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा.

खरेदीआधी वर्णनात तीन गोष्टी शोधा: आउटपुट व्होल्ट, आउटपुट ओहम, आणि सिग्नल-नॉइज रेशो, म्हणजे आवाज आणि कुजबुज यांतलं डेसिबलचं अंतर. या तिन्ही न देता फक्त बिट आणि किलोहर्ट्झ दिले असतील तर पुढचा बघा. शिवाय शे-सव्वाशे रुपयांच्या काही यूएसबी-सी अडॅप्टरमध्ये चिपच नसते, नुसत्या तारा असतात. ते काही जुन्या फोनवरच चालतात, लॅपटॉपला लावले तर तो काही लावलंय हे ओळखतही नाही. वर्णनात ‘डॅक’ किंवा चिपचं नाव असल्याची खात्री करा.

माइक, आणि परदेशातून शिकणारी मुलं

हेडफोनच्या पिनेवर तीन काळी वर्तुळं असतील तर तिच्यात माइक आहे, दोन असतील तर नाही. एका भोकाचा अडॅप्टर माइकवाली पिन घेतो ना, हे पाहून घ्यावं. डेस्कटॉपची दोन वेगळी भोकं असतील तर वाय-स्प्लिटर लागतो. जुन्या हेडसेटमध्ये माइक आणि ग्राउंडची जागा उलट असते. तसं असलं की वाद्यं ऐकू येतात पण गाणारा आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा होतो, आणि माइकचं बटण दाबून धरलं की अचानक नीट होतो. हा बिघाड नाही, पिनेच्या जोडणीचा फरक आहे. उलटसुलट करणारी छोटी जोडपिन मिळते.

अमेरिकेत, आखातात राहणारी मराठी मुलं पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे झूमवर गाणं शिकतात, तिथे ‘तानपुरा ऐकूच जात नाही, पेटीचा सूर तुटतो’ ही तक्रार नेहमीची. त्यासाठी अडॅप्टर घेण्याआधी झूमची सेटिंग बघा. सतत वाजणारा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं धरून झूम तो पुसून टाकतं. तानपुरा त्याला तसाच वाटतो. ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, वर्गात आल्यावर वरच्या कोपऱ्यातलं त्याचं बटणही चालू आहे ना ते बघा. हेडफोन वापरणार असाल तर इको कॅन्सलेशन बंद ठेवा. गुरू आणि शिष्य, दोघांनीही हे करायचं. एक पैसा न खर्चता तानपुरा परत ऐकू येतो.

रियाजाचं रेकॉर्डिंग नीट करायचं असेल तर हेडफोनचा अडॅप्टर पुरत नाही. मोठ्या तीन पिनांचा माइक आणि त्याला ४८ व्होल्ट देणारा ‘ऑडिओ इंटरफेस’ लागतो. ती वेगळी वस्तू आहे, किंमतही पाच हजारांच्या पुढे.

जोडल्यावर अडतं कुठे

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आउटपुटला नवा अडॅप्टर निवडा. त्याच्या पानावर ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा आणि फॉरमॅट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. झूम, गेम आणि काही प्लेअर आपापलं आउटपुट वेगळं निवडतात. ‘अडॅप्टर लावला पण आवाज जुन्यातूनच येतो’ याचं कारण बहुतेक वेळा तेच.

प्रत्येक गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जात असेल किंवा गाणं संपल्यावर ‘टक्’ होत असेल, तर शांततेत अडॅप्टर झोपतोय. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून बघा. मध्येच आवाज तुटत असेल तर हब काढा आणि अडॅप्टर थेट मशीनला लावा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या, बोर्डवरच्याच पोर्टला. वायरलेस माउस अडखळू लागला तर त्याचा छोटा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टांपासून लांब न्या. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि दोष विनाकारण नव्या अडॅप्टरवर येतो.